चिमट्यातला आवाज

आवाज पहिल्यांदा कानावर आला तेव्हा महामायाचे दोन्ही हात मनगटापर्यंत कणकेत होते. मंगळवार होता, दुपारचे साडेचार वाजले असतील. बुलडाण्यातल्या मुलींच्या एका खाजगी वसतिगृहात साठ जणींचा दोन्ही वेळचा स्वयंपाक ती करायची, आणि स्वयंपाकघरामागच्या खोलीत ती आणि तिची अकरावीतली मुलगी काजल, दोघी राहायच्या. काजलची सायकल फाटकातून आत वळली. तिनं नेहमीसारखा अगदी शेवटच्या घटकेला ब्रेक दाबला, आणि पुढच्या चाकाच्या वर, हँडलच्या खाली कुठेतरी, काहीतरी वाजलं. कर्र... टक्. बस्स, एवढंच. सुकी फांदी वाकवावी आणि ती मोडायच्या आत सोडून द्यावी, तसं. महामायानं मान वळवली नाही. कणकेतली बोटं होती तिथंच राहिली आणि पाठीवरून गार पाण्याचा एक थेंब सावकाश खाली उतरत गेल्यासारखं झालं. आपण आत्ता वळून पाहिलं तर दारात कुणी नसेल, नुसती सायकल असेल, असं तिला का कोण जाणे वाटलं.

काजल होती. हेल्मेट काढून, केस मोकळे करत, ती ओट्यावरचा गूळ चोरून खात होती.

"कशाचा आवाज आला वं तो?"

"कोनता?"

"आत्ता. तू ब्रेक दाबला तवा."

"हां, तो. चिमट्यातून येते, पुढचं चाक धरते त्यातून. पंधरा दिवस झाले."

"पंधरा दिवस झाले आन् तू मले आत्ता सांगून राह्यली?"

"मम्मी, सायकल हाय ते. वाजनारच," काजल म्हणाली आणि गुळाचा दुसरा खडा तोंडात टाकून हात धुवायला गेली.

महामाया त्या वाक्याकडे पाहत राहिली. वाक्याकडे पाहता येत नाही, पण ते तिच्यासमोर उभं होतं. शब्द जवळपास तेच. स्वरही तोच, जरासा कंटाळलेला, समोरच्याला गप्प करणारा. आठ वर्षं हे वाक्य तिनं कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं, आणि आता ते तिच्याच मुलीच्या तोंडून, गूळ चघळता चघळता, इतक्या सहज बाहेर पडलं होतं. तिनं कणीक मळायला घेतली. ती आधीच मऊ झाली होती, तरी मळत राहिली. इतकी की त्या रात्रीच्या पोळ्या चिकट झाल्या आणि मुलींनी ताटात ठेवून दिल्या.

सायकल हर्षल सरांनी दिली होती. कॉलेजात खेळ शिकवायला आलेला हा तरुण माणूस स्वतः पूर्वी शर्यतींत उतरलेला. पावसाळ्यानंतर त्यानं काजलला एकदा उसन्या सायकलीवर चिखली रोडच्या चढाला लावलं आणि तिची वेळ मोजून तो घड्याळाकडे पुन्हा पुन्हा बघत राहिला. आठवड्याभरानं आपली जुनी शर्यतीची सायकल तो वसतिगृहाच्या फाटकाशी घेऊन आला. पातळ टायरांची, निळी, ठिकठिकाणी रंग उडालेली. "हिला चालवू द्या, बाई," तो म्हणाला होता. "पोरीच्या पायांत दम आहे." येत्या रविवारी शर्यतीच्या संघासाठी निवड चाचणी होती. बुलडाण्याहून राजूर घाट उतरून मोताळ्यापर्यंत आणि परत. परतीचा चढ ही काजलची खरी ताकद, असं सर म्हणायचे. पण चढायच्या आधी उतरायचं होतं. महामायानं तो घाट एसटीच्या खिडकीतून पाहिला होता. एका अंगाला खडक, दुसऱ्या अंगाला सागाची झाडं आणि त्यांच्या शेंड्यांच्याही खाली गेलेली दरी. वळण आलं की बस अंग चोरून घेते आणि बायका समोरची दांडी धरतात. त्या वळणांवर पातळ टायरांची ती निळी सायकल, तिच्यावर वाकलेली काजल, आणि ब्रेक दाबल्यावर येणारा तो आवाज. एवढं चित्र डोळ्यांपुढं आलं की महामायाच्या तळव्यांना घाम सुटायचा आणि हातातली उलथणी निसटायची.

बुधवारी तिनं हर्षल सरांना फोन लावला. ते हसले नाहीत, हे त्यांचं चांगलं. "ग्रीस वाळलं असेल, बाई. मी बघतो," म्हणाले. त्यांनी बघितलंही. हँडलाखालचे वरच्या बाजूचे छर्रे धुतले, नवं ग्रीस भरलं, बोल्ट आवळले. त्या संध्याकाळी काजल अंगणात मुद्दाम तीनदा ब्रेक दाबून म्हणाली, "ऐक! येते का आवाज?" आला नाही. महामायानं त्या दिवशी दोन घास जास्त खाल्ले. गुरुवारी सकाळी काजल सरावाहून परत आली आणि फाटकाशी पुन्हा, कर्र... टक्. जरा खालच्या पट्टीत, ग्रीसमुळे ओलसर झालेला, पण तोच. मग बाजारातल्या सायकलच्या दुकानात नेली. तिथल्या माणसानं चाक उचलून फिरवलं, हँडल डावी-उजवीकडे वळवलं, हातोडीनं कुठेतरी दोन ठोके दिले आणि म्हणाला, "काही नाही ताई, स्पोक होता." शुक्रवारी दुपारपर्यंत आवाज नव्हता. दुपारनंतर होता.

महामायाला आता एक वेगळीच भीती वाटायला लागली होती. तो आवाज सायकलीतून येतच नसेल तर? कारण तो तिला सगळीकडे ऐकू येत होता. कोठीघराच्या दाराच्या बिजागरीत. मुली वरच्या मजल्यावर खाटा सरकवत त्यात. गिरणीतून दळण आणताना पुढं चाललेल्या हातगाडीत. स्वतः उकिडवी बसून उठली की गुडघ्यात. एकदा तर कुकरची शिट्टी व्हायच्या आधी आतली वाफ झाकणाला ढकलते, त्या एका क्षणात तिला तो स्पष्ट ऐकू आला आणि तिनं गॅस बंद करून टाकला; डाळ कच्ची राहिली. तिच्या हाताखाली भाजी चिरणाऱ्या पंचफुलाबाईनं विचारलं, "बाई, तुमचं ध्यान कुठं हाय?" महामाया म्हणाली, "कुठं नाही." आणि मनात म्हणाली, मी ऐकून राह्यली. मी फक्त ऐकून राह्यली.

ऐकायचं होतं ते तिनं आठ वर्षांपूर्वी ऐकलं नव्हतं. तेव्हा ते चिखलीत राहायचे. तिचा नवरा सुखदेव चिखली ते देऊळगाव राजा काळीपिवळी जीप चालवायचा. त्याला यंत्रांचा कान होता. मिक्सर बिघडायच्या दोन दिवस आधी तो सांगायचा. शेजारच्या मोटारसायकलचा आवाज ऐकून ती कुठली, कुणाची आणि तिला काय झालंय हे तो भिंतीआडून ओळखायचा. पूर्वी महामायाला ह्या गोष्टीचं हसू यायचं, कौतुकही वाटायचं. मग संसार जुना झाला तसं कौतुक गेलं. त्या आठवड्यात तो सारखा जीपच्या डाव्या पुढच्या चाकाबद्दल बोलत होता. स्टेअरिंग वळवलं की खालून टक् होतं म्हणायचा. दोनदा तो जीपखाली शिरला, काही दिसलं नाही. गॅरेजवाल्यानंही पाहिलं, काही नाही म्हणाला. त्या संध्याकाळी सुखदेव तिसऱ्यांदा जीपखाली जाऊन, शर्ट मळवून, जेवायला उशिरा आला. काजल नऊ वर्षांची, तापानं फणफणलेली, मांडीवर. दिवसभराच्या शिणानं महामायाचं डोकं ठणकत होतं. तो ताटावर बसता बसता पुन्हा म्हणाला, "आवाज हायच बरं तो. उद्या गाडी काढूच नये असं वाटते." आणि ती म्हणाली, "गाडी हाय ते, वाजनारच. साऱ्या दुनियेचे आवाज तुमालेच बरे येतेत." इतकंच ती म्हणाली होती. भांडण नव्हतं. शिवी नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं गाडी काढली. नऊच्या सुमाराला, वळणावर, जीप रस्ता सोडून कडुनिंबावर गेली. मागे बसलेल्या तिघांना खरचटलं, एकाचा हात मोडला. सुखदेव जागच्या जागी गेला.

लोक म्हणाले, कुत्रं आडवं आलं असेल. कुणी म्हणालं, डुलकी लागली. पोलिसांनी पंचनामा केला, जीप ओढून नेली, पुढं ती भंगारात गेली. चाकाखालचं काय तुटलं, तुटलं की नाही, ते अपघाताआधी तुटलं की झाडावर आदळल्यावर, हे कुणीच पाहिलं नाही आणि तिनं कुणाला पाहायला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कळलं असतं. ते वाक्य तिनं कुणाला कधी सांगितलं नव्हतं. आईला नाही, भावाला नाही, काजलला तर नाहीच. ते तिच्या आत होतं, आणि त्याच्याशेजारी एक लहानशी, लाजिरवाणी आशा होती: आवाजाचा काही संबंध नसेल. गाड्या वाजतातच. कुत्रंच आडवं आलं असेल. त्या आशेच्या आधारानं ती आठ वर्षं पोळ्या लाटत होती. म्हणून सायकलीचा आवाज तिला दोन्हीकडून भिववत होता. चिमट्यात काही बिघाड असेल तर काजल जाणार; आणि मग सुखदेवनं ऐकलेला आवाजही खरा ठरणार. बिघाड नसला पाहिजे. कुठंच, कधीच नसला पाहिजे. ती आवाजामागं धावत होती आणि मनात म्हणत होती, काही सापडू देऊ नको.

शनिवारी सकाळी तिनं ते केलं. काजल आंघोळीला गेली होती. सायकल खोलीच्या भिंतीला टेकून उभी होती. महामाया तिच्याजवळ गेली, हँडल दोन्ही हातांनी धरलं, पुढचा ब्रेक दाबून सगळा भार टाकला. कर्र... टक्. हाताच्या तळव्यात तो थरथरला. जिवंत काहीतरी कोंडलेलं असावं तसा. तिनं स्वयंपाकघरातून पक्कड आणली, पुढच्या चाकाची हवा सोडली आणि वॉल्व्हचं ते बारीक तोंड पकडीत धरून वाकवलं. ते इतक्या सहज वाकलं की तिलाच दचकायला झालं. मग दुसऱ्या चाकाकडे वळली, तेव्हा मागून काजल म्हणाली, "मम्मी?"

ओल्या केसांतून पाणी खांद्यावर गळत होतं. तिनं आधी पकडीकडे पाहिलं, मग चाकाकडे, मग आईच्या तोंडाकडे. तिचा आवाज चढला नाही, हे जास्त वाईट होतं.

"तुले मी जिकू नये वाटते ना?"

"नाही वं माय..."

"मंग काऊन? सरायनं पाह्यलं. दुकानवाल्यानं पाह्यलं. सारे म्हनून राह्यले काही नाही. तूच एकटी येडी झाली. मी इथून निघू नये, तुह्यासंगं साठ पोरीयच्या पोया लाटत बसावं, तेच पाह्यजे ना तुले?"

महामायाला बोलायचं होतं. वाक्य ओठांच्या मागं आलं होतं. पण ते काढायचं म्हटलं की त्याच्यामागून कडुनिंब येणार होता, चादरीखालचे पाय येणार होते. ती म्हणाली, "एकदा शकूरचाचाले दाखवतो. फक्त एकदा. मंग तू जाय." आणि उत्तराची वाट न पाहता तिनं सायकल तशीच, बसलेल्या चाकावर, फाटकाबाहेर ढकलायला सुरुवात केली.

शकूरचाचांचं सायकल दुरुस्तीचं दुकान म्हणजे जुन्या वस्तीतलं एक शटर. आता ते अर्धंच उघडं असायचं. सत्तरी ओलांडलेला माणूस. भाड्याच्या सायकली संपल्या, तसं गिऱ्हाईकही संपलं. महामाया तिथवर पोहोचली तेव्हा साडी घामानं पाठीला चिकटली होती. वाटेत प्रत्येक खड्ड्याला सायकल कण्हली होती आणि प्रत्येक कण्हण्याला तिनं डोळे मिटले होते. मागून, वीस पावलं अंतर ठेवून, तोंड फुगवून काजल येत होती.

"आवाज येते, चाचा. चिमट्यातून," महामाया म्हणाली. "साऱ्यायनं पाह्यलं. काही नाही म्हनतेत."

शकूरचाचांनी चष्मा लावला. हँडल धरून ब्रेक दाबला, ऐकलं. पुन्हा दाबला. मान तिरकी करून, कान नळीजवळ नेऊन, तिसऱ्यांदा दाबला. "खोललं होतं का पूरं? चिमटा बाहेर काढला होता?"

"नाही," काजल मागून म्हणाली. "सरायनं वरूनच ग्रीस भरलं."

"मंग कोनी पाह्यलंच नाही," म्हातारा म्हणाला आणि पाना घ्यायला वळला.

पुढचा अर्धा तास महामाया दुकानाच्या पायरीवर बसून होती. तिला हे बघायचं नव्हतं आणि नजर काढता येत नव्हती. चाक निघालं. हँडल निघालं. छर्रे एका झाकणीत किणकिणत पडले. मग तो चिमटा, दोन पाय आणि वर एक नळी असलेला, सायकलच्या मानेतून सरळ खाली घसरून म्हाताऱ्याच्या हातात आला. ही नळी सायकलीच्या आत असते, बाहेरून कधी दिसत नाही, हे महामायाला तेव्हा पहिल्यांदा कळलं. घासलेटच्या फडक्यानं शकूरचाचांनी तिच्यावरचं ग्रीस पुसलं. नळी चकचकीत झाली. गुळगुळीत. त्यांनी ती उजेडात फिरवली. "तसं तर काही दिसत नाही," ते पुटपुटले. महामायाच्या छातीतली हवा एकदम सुटली. इतकी की तिला चक्कर आल्यासारखं झालं. नाही. काही नाही. सायकल आहे, वाजणारच. चिखलीहून निघालेला तो रस्ता क्षणभर सरळ झाला, झाड बाजूला झालं, कुत्रं आडवं आलं. ती हसलीसुद्धा असेल.

"ठैरो," शकूरचाचा म्हणाले. अंगठ्याचं नख त्यांनी नळीवरून, जिथं ती चिमट्याच्या दोन पायांत शिरते त्याच्या जरा वर, सावकाश फिरवलं. नख थांबलं. मागं नेलं, पुन्हा फिरवलं. पुन्हा तिथंच थांबलं. मग त्यांनी त्या जागी घासलेट चोळलं, कोरड्या फडक्यानं अगदी स्वच्छ पुसून काढलं आणि फळीवरचा खडू घेऊन त्याचा भुगा त्या भागावर दाबून लावला. नळी पांढरी झाली. "आता थोडं थांबा. भेग असली तं आतलं घासलेट बाहेर येते," म्हणाले. काजलही जवळ येऊन उकिडवी बसली होती. पांढऱ्यावर काही नव्हतं. काही नव्हतं. आणि मग, कुणी आतून पेन्सिलीनं काढावी तशी, एक करडी रेघ उमटायला लागली. आधी तांदळाच्या दाण्याएवढी. मग दोन्ही टोकांनी वाढत, सरकत, नळीला वेढत गेली. अर्ध्याहून जास्त. महामाया तिच्याकडे बघत होती आणि तिला वाटत होतं की ही थांबली पाहिजे, आत्ता थांबली पाहिजे, आणि ती थांबत नव्हती.

"या अल्ला," शकूरचाचा हळूच म्हणाले. त्यांनी नळी काजलपुढं धरली. "हे पाहा बेटा. एवढ्याशावर लटकून व्हती तू. आज-उद्यात गेलीच असती. घाटात ब्रेक मारला असता नं, तं हँडल हातात राह्यलं असतं आन् चाक निघून गेलं असतं." मग महामायाकडे वळून म्हणाले, "तुमच्या कानाले सलाम हाय, बाई. तुमी पोरगी वाचवली."

काजल काही क्षण त्या रेघेकडे बघत होती. तिचा चेहरा हळूहळू लहान होत गेला, सतरावरून बारावर, बारावरून नऊवर. मग तिनं आईच्या गळ्यात हात टाकले आणि तिथं पायरीवरच रडायला लागली. "मम्मी, तू नसती तं... मी तुले काय काय बोलली..." समोरच्या पानटपरीवरून दोघंतिघं बघायला आले. नळी हातोहात फिरली. कुणीतरी मोबाइलवर फोटो काढला. आईचं काळीज, कुणी म्हणालं, त्याले समजते. महामायाचे हात काजलच्या पाठीवर होते, पण तिला ते आपले वाटत नव्हते. आत कुठेतरी जीपखाली कंदील धरून एक माणूस उताणा झोपला होता आणि म्हणत होता, आवाज हायच बरं तो. होताच. आवाज असतो तेव्हा तो असतो. आठ वर्षं जपलेली ती आशा तिच्या डोळ्यांदेखत, खडूच्या भुग्यात, काळी पडली होती, आणि लोक तिला शाबासकी देत होते.

हर्षल सर संध्याकाळी आले. चेहरा उतरलेला. त्यांनी दोनदा माफी मागितली आणि स्वतःची वापरातली सायकल काजलसाठी ठेवून गेले. नवीनच होती, सगळी तपासलेली. काजल तिच्याकडे जरा वेळ बघत उभी राहिली. मग ब्रेक दाबला. ऐकलं. पुन्हा दाबला. महामायानं हे दारातून पाहिलं. मान तिरकी करून ऐकायची ती पद्धत तिच्या ओळखीची होती; सुखदेव असाच ऐकायचा.

रविवारी काजल गेली. महामाया सोबत गेली नाही. मुलींचा नाश्ता, मग जेवण. अकरा वाजता पोरगी परत आली. चौदा जणींत अकरावी. निवड झाली नव्हती. ती स्वयंपाकघराच्या मागच्या दारात येऊन बसली, बूटसुद्धा न काढता. पंचफुलाबाई पाण्याचा तांब्या ठेवून बाहेर गेली.

"चढ चांगला गेला," काजल म्हणाली. "चढाले मी तिघींले मागं टाकलं. पन उतार... पूरा घाट मी ब्रेक दाबून उतरली मम्मी. पूरा. साऱ्याजनी पुढं गेल्या. आवाज येत नव्हता, तरी मी ऐकूनच राह्यली होती. प्रत्येक वळनावर. मले वाटे, आता येते. आता येते." तिनं स्वतःच्या तळहातांकडे पाहिलं. ब्रेकच्या दांडीचे लाल वळ अजून उठलेले होते. "पयले मले काहीच वाटत नव्हतं. आता मले असंच वाटत राहीन का?"

महामाया ओट्याशी उभी होती. गॅसवर वरण उकळत होतं. तिला कळलं की हा प्रश्न आपल्याला विचारलेला आहे, आणि उत्तर ठाऊक असलेलं दुसरं माणूस ह्या जगात नाही. नाही म्हणावं, होईल सगळं ठीक म्हणावं, अशी वाक्यं जिभेवर आली आणि तिनं ती गिळली. गॅस बारीक केला. मुलीच्या शेजारी जमिनीवर, दाराच्या चौकटीला पाठ लावून बसली. साडी गुडघ्यांभोवती आवळून घेतली.

"तुह्या पप्पायनंही आवाज ऐकला होता," ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं. डावं चाक, स्टेअरिंग वळवलं की येणारा टक्, जीपखाली तीनदा जाणं. काजलचा ताप. उद्या गाडी काढूच नये असं वाटते. आणि मग ते वाक्य. ते तिनं पूर्ण म्हटलं, जसं म्हटलं होतं तसं, त्याच स्वरात, एकही शब्द न गाळता. ते हवेत गेलं आणि वरणाच्या वाफेत मिसळलं, भिंत पडली नाही. पण तिला इतकी भीती कधी वाटली नव्हती. अपघाताच्या सकाळीही नाही. ती काजलकडे पाहू शकत नव्हती. समोर अंगणात निळ्या सायकलीचा चिमट्याविना सांगाडा भिंतीला टेकलेला होता, त्याच्यावर मुलींचे टॉवेल वाळत होते. तिनं एक टॉवेल मोजला, दुसरा मोजला. आता पोरगी उठेल. आता ती काहीतरी बोलेल आणि जे बोलेल ते मला मरेपर्यंत ऐकू येत राहील.

काजलनं तळहात मांडीवर पालथे ठेवले. मग म्हणाली, "मंग पप्पा काय म्हनले?"

"आं?"

"तू असं म्हनली. मंग त्याच्यावर पप्पा काय म्हनले?"

महामाया गोंधळली. आठ वर्षांत तिनं ते वाक्य हजारदा ऐकलं होतं, आणि प्रत्येक वेळी ते तिथंच संपलं होतं. त्याच्यानंतर थेट सकाळ होती, थेट झाड होतं. मधली संध्याकाळ कुठं गेली, हे तिला कुणी विचारलं नव्हतं, तिनंही स्वतःला नाही. ती आठवायला लागली. अंधारात हात घालून चाचपावं तसं. ताट होतं. सुखदेवच्या नखांत काळं वंगण होतं, ते साबणानं निघत नव्हतं. तो तिच्याकडे पाहत होता. रागानं? नव्हता राग. तिनं अजून नीट पाहिलं.

"काही नाही म्हनले," ती सावकाश म्हणाली. "हसले थोडेसे. आन् म्हनले, रस्सा वाढ."

"कशाचा?"

"पातोडीचा."

"तुह्या हातचा? तिखट?"

"लय तिखट झाला होता त्या दिवशी. नाकातून पानी येत होतं त्यायच्या, तरी मागून राह्यले होते."

काजलनं बुटांच्या नाड्या सोडल्या. एक बूट काढला, मग दुसरा. पाय मोकळे केले. वरण भांड्याच्या काठाशी येऊन पुन्हा खाली बसलं.

"आन् मंग?" ती म्हणाली.